पंचनाम्यात नाव नाही? पुरानंतरच्या सरकारी मदतीसाठी कोणतं काम केव्हा करायचं

“साहेब आले होते, बघून गेले.” पूर येऊन गेलेल्या गावात पंचनाम्याबद्दल विचारलं की हेच उत्तर मिळतं. बघून गेले म्हणजे पंचनामा झाला असं नसतं, आणि पंचनामा झाला म्हणजे त्यात तुमचा गट नंबर आला असंही नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला. त्यानंतर मी अर्ज लिहून द्यायला बसायचो. तेव्हा माझ्याकडे आलेल्या बहुतेकांची तक्रार “मदत कमी मिळाली” अशी नव्हती. यादीत नावच नव्हतं. कारण विचारायला गेलं तर कागद मागितला जायचा, आणि कागद कुणाकडेच नसायचा.

मोर्चा काढा, रस्ता अडवा, त्याला माझी ना नाही. पण खालची कामं आधी झालेली असू द्या, आणि ती याच क्रमाने करा.

१. आधी ठरवा: कोणते पैसे मागताय?

गावात तीन गोष्टींची खिचडी होते. आपत्ती मदत, पीक विमा आणि विशेष पॅकेज.

आपत्ती मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या दराने मिळते आणि तिचा पाया पंचनामा असतो. पीक विमा कंपनीकडून येतो, त्याचा हिशेबच वेगळा. खरीप २०२५ पासून महाराष्ट्रात एक रुपयातला विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर नेण्यात आली. तरीही त्या हंगामात लोक “७२ तासांत विमा कंपनीकडे तक्रार केली, आता पैसे येतील” म्हणून निवांत बसले आणि पंचनाम्याकडे फिरकलेच नाहीत. विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात, तेव्हा आपल्या हंगामाची अधिसूचना बघा. विमा असो वा नसो, पंचनामा सोडू नका.

पॅकेज म्हणजे वरची भर. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये होते, मदतीची मर्यादा २ वरून ३ हेक्टर केली होती. दिवाळीआधी पैसे मिळतील असं सांगितलं गेलं. दिवाळी झाली तरी अनेकांची खाती कोरडी होती. टीव्हीवरची घोषणा तहसीलमध्ये चालत नाही, शासन निर्णय चालतो. त्याचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवा.

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले मूळ दर असे: पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. दुभती गाय किंवा म्हैस ३७,५००, बैल ३२,०००, शेळी-मेंढी ४,०००. सपाट भागात पूर्ण पडलेलं घर १,२०,०००. अंशतः पडलेलं, म्हणजे किमान १५ टक्के नुकसान झालेलं पक्कं घर ६,५०० आणि कच्चं ४,०००. मृत्यू झाला असेल तर वारसांना ४ लाख.

सावध: जिरायतीला १३,६०० मिळतात असं अजून बरेच जण सांगतात. जानेवारी २०२४ मध्ये राज्याने तो दर केला होता, मे २०२५ मध्ये तो परत ८,५०० वर आणला. जुना दर धरून भांडलात की समोरचा तुमची खरी तक्रारही उडवून लावतो.

२. पाणी ओसरायच्या आत: पुरावा

पंचनामा करणारी माणसं आठ-दहा दिवसांनी येतात. तोवर ऊन पडलेलं असतं, सोयाबीन उभं दिसतं आणि शेंगेत कोंब फुटलेले असतात. बांधावर उभं राहून ते दिसत नाही. म्हणून आजच्या आज:

मोबाइलच्या कॅमेऱ्यात तारीख, वेळ आणि ठिकाण उमटेल अशी सोय करा. जीपीएस कॅमेऱ्याचं फुकट ॲप मिळतं. पहिला फोटो लांबून काढा. त्यात विहीर, डीपी किंवा देऊळ अशी ओळखीची खूण आली पाहिजे. दुसरा जवळून. एका पुठ्ठ्यावर गट नंबर आणि तारीख ठळक लिहून तो हातात धरा. शेंग फोडून कोंब दिसतील असा तिसरा.

घरात पाणी शिरलं असेल तर भिंतीवरच्या डागाला टेप लावून फोटो काढा. पाणी किती वाजता शिरलं आणि किती वाजता उतरलं ते लिहून ठेवा. हे फालतू वाटतं. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत घरं छपरापर्यंत बुडालेली असताना मोफत धान्याच्या शासन निर्णयात दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात असल्याची अट होती. ‘दोन दिवस’ कुणी आणि कशावरून ठरवायचे, या वादात लोक रांगेत उभे राहिले. वेळ लिहिलेली असेल तर निदान आपली बाजू उभी राहते.

शेतात गाळ बसला असेल तर तो काढण्याआधी मोजा. गाळ काढायला हेक्टरी १८,००० रुपये आहेत, पण थर ३ इंचांपेक्षा जास्त असावा लागतो. शाळेची पट्टी चार ठिकाणी गाळात खुपसा आणि प्रत्येक ठिकाणी फोटो घ्या. जमीनच खरडून गेली असेल तर ते कलम वेगळं, हेक्टरी ४७,००० आणि फक्त अल्प व अत्यल्प भूधारकांना. अर्जात ‘जमीन खराब झाली’ असं मोघम लिहिलं की दोन्हीकडून हुकतं. ‘गाळ साचला’ की ‘माती वाहून गेली’, ते स्पष्ट लिहा.

जनावर मेलं असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून शवविच्छेदन करून घ्या. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर वाचता येईल असा फोटो हवाच. वाहून गेलेल्या जनावराचं काम अवघड होतं. त्याच दिवशी तलाठ्याला लेखी कळवा, पोलीस पाटलाचा दाखला घ्या, दवाखान्यात जुनी लसीकरणाची नोंद असेल तर तीही काढा. पंधरा दिवसांनी “माझ्या चार शेळ्या गेल्या” म्हटलं तर कुणी ऐकत नाही, मग तुम्ही कितीही खरे असा.

तपासा: फोटो दुसऱ्या फोनवर किंवा मेलवर पाठवले का? फोन भिजून बंद पडला की सगळं गेलं. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नुसता फोटो पाठवला तर त्यातली ठिकाणाची माहिती निघून जाते.

३. पंचनाम्याची वाट बघू नका, आधी अर्ज द्या

सगळ्यात जास्त चुकणारी पायरी हीच. “ते येणारच आहेत की!” येतीलही. पण तुमच्या वस्तीवर येतील का? गावठाणातून रस्त्यालगतची शेतं होतात आणि ओढ्यापलीकडची राहतात. पारधी वस्ती, गायरानावरची घरं, मळ्यात एकट्याने राहणारी म्हातारी माणसं नेहमी शेवटी असतात, आणि शेवटपर्यंत कुणी पोचेलच असं नाही.

अर्ज तहसीलदारांच्या नावे करा, एक प्रत तलाठ्याला. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच म्हणतात. मजकूर एवढा पुरे:

“मौजे अमुक येथील गट नं. अमुक, क्षेत्र १ हे. २० आर, पीक सोयाबीन (जिरायत). दि. अमुक रोजी नदीच्या पुराचे पाणी शिरून पिकाचे पूर्ण नुकसान झाले आहे. स्थळपाहणी करून माझ्या समक्ष पंचनामा करावा व त्याची प्रत मिळावी. सोबत सातबारा, आठ-अ, फोटो.”

आता यातल्या दोन जागा नीट बघा.

पहिली, क्षेत्र. सातबाऱ्यावर ते हेक्टर-आरमध्ये असतं, आपण बोलतो एकरात. ३ एकर म्हणजे साधारण १ हेक्टर २१ आर. घाईत एकराचा आकडा हेक्टरच्या रकान्यात गेला किंवा उलटं झालं की पुढे दुरुस्तीला महिने जातात.

दुसरी, कारण. ‘अतिवृष्टी’ म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, आणि तो मंडळातल्या पर्जन्यमापकावर मोजतात. धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीकाठचं शेत बुडालं, पण तुमच्या मंडळात पाऊस ४० मिलिमीटरच झाला, असं सर्रास घडतं. अशा वेळी सगळ्यांचं बघून ‘अतिवृष्टीमुळे’ लिहिलं की “तुमचं मंडळ बसत नाही” असं उत्तर मिळतं. पाणी नदीचं असेल तर ‘पुराचे पाणी शिरून’ असंच लिहा.

पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. “शिक्का साहेबांच्या कपाटात आहे” असं म्हणाले तर पोस्टात जा, पोचपावती मागून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही त्यांच्याबद्दल स्पष्ट सांगतो. बटईने करणाऱ्याला मदत थेट मिळत नाही, ती मालकाच्या खात्यात जाते. हा अन्याय आहे आणि तो अर्जाने सुटत नाही. निदान मालकाकडून मदतीच्या वाटणीचं साध्या कागदावर लिहून घ्या, आणि ते पैसे यायच्या आधी घ्या. बापाच्या नावावर सातबारा आणि बाप वारलेला असेल तर वारस नोंदीचा अर्ज त्याच दिवशी टाका. सामाईक खात्यात सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. विधवा भावजयीचं नाव यादीत येतं आणि सह्यांसाठी दीर अडवून धरतो, हे मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलंय. अशा वेळी तिचा हिस्सा दाखवणारा फेरफार काढून स्वतंत्र अर्ज द्या.

शेतमजुरांनाही हक्क आहे, फक्त तो कुणी सांगत नाही. पुराने रोजगार गंभीरपणे बुडालेल्या कुटुंबातल्या दोन प्रौढांना रोजगार हमीच्या मजुरीच्या दराने निर्वाह मदत देण्याची तरतूद केंद्राच्या निकषांत आहे. ती आपोआप येत नाही. ग्रामसभेत कुटुंबांच्या नावांसह ठराव करून तो तहसीलला पाठवावा लागतो.

४. पंचनाम्याच्या दिवशी

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून पंचनामा करायचा असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एकच जण येतो आणि बाकीच्या सह्या नंतर होतात. त्यावरून वाद घालू नका, वेळ जातो. त्याऐवजी तीन रकान्यांवर लक्ष ठेवा: गट नंबर, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी.

टक्केवारीतच खेळ असतो. मर्यादा ३३. एका गावातल्या प्रती माझ्या हातात आल्या तेव्हा सलग सात-आठ नावांपुढे एकाच पेनाने, एकाच हाताने ‘३०%’ लिहिलेलं होतं. कुठे उसाचा फड, कुठे उडीद, शेतं वेगवेगळ्या उंचीवर, नुकसान मात्र सगळ्यांचं तीस! त्या सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. विचारलं तर म्हणाले, “त्यांनी कागद पुढे केला, आम्ही अंगठा दिला.”

कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पंचनाम्यावर सही-अंगठा करू नका. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला बोलवा. आकडा पटत नसेल तर सही करा, पण शेजारी लिहा: “टक्केवारी मान्य नाही, नुकसान पूर्ण आहे.” सहीच नाकारली तर ‘शेतकरी गैरहजर’ असा शेरा पडू शकतो. भरलेल्या पानाचा तिथेच फोटो घ्या.

तपासा: ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइल ॲपवरच्या पीक नोंदीत, तुमचं पीक नोंदलंय का? सातबाऱ्यावर पीकपेरा कोरा किंवा गेल्या वर्षीचा असेल तर पंचनाम्यात सोयाबीन आणि सातबाऱ्यावर ‘पड’ असा घोळ होतो. पाहणीची मुदत शिल्लक असेल तर आधी ती करा.

५. यादी लागल्यावर आणि हरकत

यादी ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात लावतात. नुसतं नाव बघून परत येऊ नका. क्षेत्र, पिकाचा प्रकार आणि रक्कम बघा. ठिबकचा ऊस ‘जिरायत’ लावलेला असतो, तिथे रक्कम निम्मी होते. हिशेब सोपा आहे: १.२० हेक्टर जिरायतीचे १०,२०० रुपये, तेच बागायत असेल तर २०,४००.

नाव नसेल किंवा आकडा चुकला असेल तर हरकत लेखी द्या आणि मुद्देसूद द्या. “आमच्यावर अन्याय झाला” या वाक्यावर कुणाला काहीच करता येत नाही. “गट नं. अमुक, अर्ज आवक क्र. अमुक, दि. अमुक, शेजारचे गट यादीत आहेत, माझा नाही, फेरपंचनामा करावा” यावर करता येतं. शेजारच्या गटांचा मुद्दा जोरकस ठरतो, कारण पाणी बांधावर थांबत नाही.

एखादी संपूर्ण वस्ती जातीमुळे किंवा धर्मामुळे वगळल्याचं दिसत असेल तर हरकतीत आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६१ चा उल्लेख करा. मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्मावरून भेदभाव करायला त्यात थेट मनाई आहे. वस्तीचा नकाशा आणि यादीतली नावं शेजारी शेजारी जोडा.

६. नाव आहे, पैसे नाहीत

इथे दोष बहुधा तीन ठिकाणी असतो.

ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिलेलं असतं. यादीत तुमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो. तो आणि आधार घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जायचं आणि पावती घ्यायची. २०२५ च्या मदतीत ॲग्रीस्टॅकमध्ये, म्हणजे सरकारच्या डिजिटल शेतकरी नोंदणीत, नोंद असलेल्यांना यातून सूट दिली होती. पण आपली नोंद आहे असं समजू नका, नंबर काढून बघा. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उमटत नाहीत, तेव्हा आधारला मोबाइल जोडलेला असला तर ओटीपीने काम होतं.

दुसरं, खातं. तुम्ही पासबुक एका बँकेचं देता, पण आधारवर येणारे पैसे तुम्ही शेवटी ज्या बँकेत आधार जोडला तिथे जातात. कुठल्या तरी योजनेसाठी उघडलेलं आणि विसरलेलं खातं असेल तर पैसे तिथे पडून असतील. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते. तीन महिने चकरा मारलेल्या एका आजींचे पैसे बाजाराच्या गावातल्या बँकेत पहिल्या आठवड्यातच जमा झाले होते.

तिसरं, बँकेने थकीत कर्जात वळते केले. मदतीची रक्कम कर्जात वळती करू नये असं मदतीच्या शासन निर्णयात बहुधा लिहिलेलं असतं. ते पान छापून, त्या ओळीखाली रेघ मारून शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, प्रत जिल्हा अग्रणी बँकेला.

७. वरच्या पायऱ्या, क्रमाने

हरकतीला उत्तर नाही आलं की माहिती अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. त्यामुळे सगळं एकात कोंबू नका. एक अर्ज पंचनाम्याच्या प्रतीसाठी, दुसरा मंडळातल्या त्या तारखांच्या पावसाच्या नोंदीसाठी, तिसरा गावाच्या लाभार्थी यादीसाठी. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना ते लागत नाही, दाखला जोडा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. ‘का दिलं नाही’ असे प्रश्न विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत.

कागद हातात आले की प्रांताधिकारी, मग जिल्हाधिकारी. जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि त्याआधी तालुका लोकशाही दिनात अर्ज केलेला असावा लागतो. तक्रार वैयक्तिक हवी. चाळीस सह्यांचं निवेदन घेऊन गेलात तर परत पाठवतील. चाळीस जणांचे चाळीस अर्ज करा, मजकूर सारखा असला तरी चालतो.

कोर्टात जायचं ठरलं तर तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात पैसे घालवू नका. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ७१ नुसार या कायद्याखाली केलेल्या कारवाईबद्दल दावा ऐकण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाला आहे. मराठवाड्यातल्यांसाठी उच्च न्यायालयाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुका न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा समितीत जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये पूर, दुष्काळ, भूकंप यांच्या पीडितांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. उत्पन्नाचा दाखला मागितला तर कलम १२ चा ‘पूरग्रस्त’ हा निकष वेगळा आहे एवढं सांगा. जाताना पोच असलेला पहिला अर्ज, पंचनाम्याची प्रत, हरकत, माहिती अधिकाराची उत्तरं आणि गट नंबर दिसणारे फोटो तारखेच्या क्रमाने लावून न्या, आणि मूळ कागद घरीच ठेवा.